विहिरीचा गाळ कोणी काढावा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी सकाळी आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या मातोश्री माझ्या घरी आल्या. हा मुलगा दहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. सांप्रत तो शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने कामास आहे. मुलगा सुस्वभावी व निर्व्यसनी असून आईची काळजी घेणारा आहे, हे मला ठाऊक होते. म्हणून बाईंचा चेहरा उतरलेला पाहून मला नवल वाटले. इकडचे तिकडचे थोडे बोलणे झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, तुमचा शब्द तो मोडत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या मशीनपुढं बसतो. मिळत तर काहीच नाही, वरून पगारातले पैसे घालतो. पोरीकडचे विचारतात, मुलगा रात्री काय करतो? मी काय सांगू? ते फुकटचं काम सोडून द्यायला सांगा त्याला."

ते फुकटचे काम कोणते, हे वाचकांस प्रथम सांगितले पाहिजे. संगणकावर मराठी लिहिण्याची पूर्वी एकच एक पद्धत नव्हती. प्रत्येक कंपनीचा टंक निराळा व त्यातील अक्षरांची मांडणीही निराळी असे. त्यामुळे एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की त्याची केवळ खिचडी होई. पुढे युनिकोड ही सर्व भाषांस समान अशी व्यवस्था आली. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. परंतु जुन्या टंकांत लिहिलेले लक्षावधी कागद छापखान्यांत, कचेऱ्यांत व शाळांच्या कपाटांत तसेच राहिले. हे जुने लेखन नव्या व्यवस्थेत आणून देणारी एक आज्ञावली या मुलाने महाविद्यालयात असताना रचली, आणि तिची मूळ संहिता सर्वांस खुली करून ठेवली. कोणीही ती वापरावी, तपासावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी, मोल नाही. यालाच इंग्रजी जाणणारे लोक 'ओपन सोर्स' म्हणतात व मराठीत 'मुक्तस्रोत' असा शब्द रूढ होत आहे.

बाईंना मी तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही, आणि त्याचे कारण सांगताना मला संकोच वाटतो. या वार्षिकाच्या जुन्या अंकांतील कित्येक लेख आणि माझ्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका मी त्याच साधनाने नव्या लिपिव्यवस्थेत आणल्या होत्या. काम झाले, मी यंत्र बंद केले व निजावयास गेलो. हे साधन कोणी केले, ते चालू ठेवण्यास काय खर्च येतो, असा प्रश्न माझ्या मनात क्षणभरही आला नाही. ज्या मुलाला मी नागरिकशास्त्र शिकविले, त्याच्याच श्रमावर त्याच्या शिक्षकाने असा फुकट हात मारावा! इतकेच नव्हे, तर एकदा जोडाक्षरांत चूक आढळली, तेव्हा मी जरा तिखट शब्दांतच तक्रार लिहून पाठविली होती. ती कोणाकडे जात आहे हे मला माहीत नव्हते, एवढीच माझी सबब.

नंतर मी त्या मुलास बोलावून सर्व हकीकत विचारली. भाड्याच्या संगणकाचे महिना सातशे रुपये, शिवाय नावनोंदणीचे दरसालचे पैसे. हा खर्च एक वेळ सोसण्यासारखा आहे. खरा खर्च वेळेचा आहे. कारखान्याची पाळी संपवून आल्यावर पंचवीस-तीस पत्रे वाट पाहत असतात. त्यांत आभाराची एक-दोन, बाकीची "हे चालत नाही", "ते केव्हा करणार" अशी. एका छापखान्याचे मालक हे साधन रोज वापरतात. एकदा भाड्याचा संगणक दोन दिवस बंद पडला, तेव्हा त्यांनी मुलाला दूरध्वनीवर असे फैलावर घेतले, की जणू तो त्यांचा पगारी नोकर आहे! मुलगा हसून सांगत होता. मला मात्र हसू आले नाही.

कोणी म्हणेल, ही एका मुलाच्या हौसेची गोष्ट. तिचे एवढे काय? परंतु ज्या संगणकव्यवहारावर आज बँका, दवाखाने व रेल्वे चालतात, त्याचा मोठा भाग अशाच हौशी माणसांच्या खांद्यावर उभा आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने मुक्त आज्ञावलींची चळवळ आरंभिली, आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला. लिनक्सला पुढे मोठमोठ्या कंपन्यांचा आश्रय मिळाला. असा आश्रय सर्वांच्याच नशिबी नसतो. 'ओपन एस. एस. एल.' नावाची एक आज्ञावली आहे. आपण संगणकावरून पैसे पाठवितो, तेव्हा मधल्या कोणास ते वाचता येऊ नये म्हणून जे कुलूप लागते, ते जगात असंख्य ठिकाणी हिचेच असते. एप्रिल २०१४ मध्ये या कुलपात मोठी फट असल्याचे उघडकीस आले व सर्व जगात हाहाकार झाला. मग लोकांनी चौकशी केली, की या कुलपाची राखण करतो तरी कोण? तेव्हा कळले की पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच, आणि देणग्यांची आवक वर्षाला सुमारे २,००० डॉलर! ज्या कंपन्यांची उलाढाल अब्जावधींची, त्या सर्वांनी मिळून या पहारेकऱ्यास एका कारकुनाचाही पगार दिला नव्हता. ती सदोष ओळ ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री, नववर्षाच्या उंबरठ्यावर, मूळ संहितेत दाखल झाली होती. त्या वेळी आपण सारे काय करीत होतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

जर्मनीतील वेर्नर कोख यांची गोष्ट मला यापेक्षाही अधिक बोलकी वाटते. गुप्त पत्रव्यवहारासाठी वापरली जाणारी एक आज्ञावली त्यांनी १९९७ साली हाती घेतली व पुढे जवळजवळ एकट्याने सांभाळली. जगभरचे वार्ताहर, वकील व यंत्रज्ञ तिच्यावर विसंबून होते. या गृहस्थांच्या घरी पत्नी व लहान मुलगी; मिळवते ते एकटेच. २०१३ साली हे काम सोडून एखादी पगाराची नोकरी धरावी, अशा विचारापर्यंत ते आले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची हलाखी एका वृत्तलेखाने जगापुढे मांडली, तेव्हा एका दिवसात पैशाचा ओघ लागला व दोन मोठ्या कंपन्यांनी दरसाल प्रत्येकी ५०,००० डॉलर देऊ केले. चांगले झाले, परंतु हीच मंडळी आदल्या दिवशीही तीच आज्ञावली वापरीत होती, हे विसरून चालणार नाही. उपकारकर्त्याची झोळी रिकामी झाल्याचे वर्तमानपत्रात वाचल्यावाचून आपणास दिसत नाही, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. संगणक नव्हते तेव्हाही मुक्तस्रोताचे काम आपल्याकडे झाले आहे, असे मी म्हटले तर विद्यार्थी हसतील. म्हणून जरा विस्ताराने सांगतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी जुन्या वाड्यांतील व देवघरांतील कागदपत्रे गावोगाव हिंडून मिळविली. त्यांनी ठरविले असते, तर ती पेटीत ठेवून केवळ आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने छापता आले असते. पण १८९८ पासून त्यांनी मूळ कागदच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने छापण्यास आरंभ केला व अशा बावीस खंडांची माला उभी केली. मूळ लोकांपुढे ठेवावे आणि ज्याला शंका असेल त्याने ते पडताळून पाहावे, ही वृत्ती आणि माझ्या विद्यार्थ्याची वृत्ती यांत मला जातीचा भेद दिसत नाही. 'साधने' या शब्दाचा अर्थच स्रोत! या कार्यापायी राजवाड्यांनी नोकरी, सुखवस्तूपणा, सर्व बाजूस ठेवले. तरुणपणीच पत्नी निवर्तली, तरी त्यांनी दुसरा विवाह केला नाही. १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यास देह ठेवीपर्यंत ते एकटेच राहिले. राजवाड्यांची थोरवी मी मानतो. परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्यांचा त्याग त्यांच्या एकट्याच्या अंगावर पडत होता. मागे चूल पेटावयाची वाट पाहणारे कोणी नव्हते. राजवाड्यांचा दाखला देऊन संसारी माणसाकडून तसाच त्याग मागणे हा अन्याय होय.

संसारी माणसाचा दाखला पाहावयाचा तर ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा पाहावा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेला हा विद्वान कोणत्याही महाविद्यालयात मानाने व पगाराने राहू शकला असता. त्यांनी १९१६ साली नागपुरास मराठी ज्ञानकोशाचे काम आरंभिले. इंग्रजांस त्यांचा विश्वकोश आहे, मग मराठी मनुष्याने जगाचे ज्ञान आपल्या भाषेत का वाचू नये, हा त्यांचा हट्ट. पाठीशी कोणाचा खजिना नव्हता. मंडळी स्थापून भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार जमविले, वेळप्रसंगी टवाळीही सोसली. बिऱ्हाड पुण्यास हलले, आणि सुमारे बारा वर्षांत २३ खंड पुरे झाले. 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने त्यांनी पुढे आपली कैफियतही लिहिली. १९२० साली त्यांचा विवाह एडिथ कोन या युरोपीय विदुषीशी झाला. लग्नानंतरच्या त्या शीलवतीबाई. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर या बाईंचे आहे. परक्या देशातून येऊन, परकी भाषा शिकून, एका कर्जबाजारी ध्येयवेड्याचा संसार त्यांनी केला. १९३७ साली पुण्यात डॉक्टर वारले, तेव्हा घरात कीर्ती भरपूर व पैसा थोडा अशी स्थिती होती. शीलवतीबाईंनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकास 'मीच हे सांगितलं पाहिजे' असे नाव दिले. त्या नावातच किती सांगितले आहे पाहा! ज्याने काम केले त्याचे चरित्र पुष्कळ लिहितात. ज्यांनी त्या कामाचा खर्च घरात बसून सोसला, त्यांना आपले म्हणणे आपणच सांगावे लागते.

माझ्या घरी आलेल्या त्या माउलीही तेच सांगत होत्या.

तेच काम पुढे शासनाने पगारी माणसे नेमून केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोश सिद्ध होऊ लागला व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात दर्जा घसरला असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे ज्ञानाचे काम उपाशीपोटीच उत्तम होते, हा समज खरा नाही. मराठी विकिपीडिया मात्र पुन्हा केतकरांच्या वाटेने चालला आहे. २००३ सालापासून तो चालू आहे आणि त्याचे लेखक-संपादक बिनपगारी आहेत. आमचे विद्यार्थी गृहपाठासाठी त्यातून उतारेच्या उतारे उतरवून आणतात (शिक्षकास ते कळत नाही, असे त्यांस वाटते). त्यांपैकी कितीजणांनी तेथील एक तरी चूक दुरुस्त केली असेल?

मराठवाड्यातील मुलांना विहिरीचे उदाहरण चटकन समजेल. गावच्या विहिरीचे पाणी सारेच शेंदतात. उन्हाळ्यात तळ दिसू लागला की गाळ काढावा लागतो. तेव्हा जुन्या रीतीत घरटी एक माणूस येई, किंवा ज्याच्या घरी माणूस नसेल तो वर्गणी देई. गाळ काढणाराच तेवढा वेडा आणि पाणी नेणारे सगळे शहाणे, अशी व्यवस्था एकाही गावात टिकली नसती. संगणकाच्या विहिरीवर मात्र आज तीच व्यवस्था आहे.

यावर "आम्ही कोठे त्याला करावयास सांगितले? त्याला आवडते म्हणून तो करतो," असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मला तो लंगडा वाटतो. मला शिकविणे आवडते. म्हणून माझा पगार बंद करावा काय? आवडीने आरंभिलेल्या कामावर शेकडो लोक विसंबू लागले, म्हणजे त्याचे कर्तव्य होते. मग करणाऱ्यास ते सोडताही येत नाही आणि झेपतही नाही. दुसरी मंडळी याच्या उलट. ती अशा माणसाची त्यागमूर्ती म्हणून स्तुती करतात, व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देतात. शाल-श्रीफळाने भाड्याच्या संगणकाचे पैसे भरले जात नाहीत. पहिल्या मंडळींपेक्षा या दुसऱ्या मंडळींचीच मला अधिक भीती वाटते. कारण त्यागाचे गोडवे गाइले की देण्याची जबाबदारी संपली, असे त्यांच्या मनास वाटते.

मी त्या मुलासही थोडे बोललो. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी यंत्रावर उभे राहणे हा पराक्रम नव्हे, धोका आहे. "दुसरे जोडीदार का घेत नाहीस?" असे विचारता त्याने मला २०२४ सालची एक घटना सांगितली, ती ऐकून मी गप्प झालो. 'एक्स. झेड.' नावाची एक लहानशी आज्ञावली फिनलंडचे एक गृहस्थ कित्येक वर्षे एकटे सांभाळीत होते. प्रकृती व मन दोन्ही थकलेली. आणि वापरणारे लोक तर कामात दिरंगाई होते म्हणून टोचून बोलत. अशा वेळी एक अनोळखी साहाय्यक पुढे आला. दोन वर्षे त्याने इमाने-इतबारे काम करून विश्वास मिळविला, आणि मग त्याच हाताने त्यात गुप्त चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या यंत्रज्ञास आपल्या संगणकाला एका कामात अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढाच संशय आला. तो तळाशी गेला म्हणून जग वाचले. थकलेल्या माणसाच्या दाराशी मदतनीस म्हणून कोण उभा राहील, याचा नेम नाही. त्यास वेळीच खरी मदत मिळाली असती, तर खोट्या मदतीला जागाच राहिली नसती, असे माझे मत आहे.

पैशाची व्यवस्था अगदीच होत नाही असे नव्हे. बेंगळुरूच्या झिरोधा या पेढीने २०२४ साली अशा कामांसाठी दरसाल दहा लक्ष डॉलरचा निधी जाहीर केला. परंतु मोठ्या निधीची दृष्टी मोठ्या कामाकडे जाणार. मराठी अक्षरांच्या एका लहान साधनाकडे पाहावयाचे ते मराठी माणसांनीच. म्हणून मी प्रथम आमच्या शाळेचीच झडती घेतली. विकत घेतलेल्या आज्ञावलीचे पैसे आम्ही दरसाल विनातक्रार भरतो. कारण तिचे बिल येते. फुकट मिळालेल्या साधनासाठी पैसे देऊ म्हटले, तर हिशेबाच्या वहीत त्याला सदरच नाही. "देणगी कशी द्यावयाची? हिशेबतपासनीस विचारतील," असे आमचे कारकून म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कंजूषपणापेक्षा हा सदराचा अभावच पुष्कळ ठिकाणी आड येत असावा. मग आम्ही तोड काढली. देणगी नको, 'देखभाल शुल्क' म्हणावे. त्या मुलाने वर्षातून एकदा रीतसर बिल द्यावे आणि शाळेने ते संगणककक्षाच्या खर्चात घालावे. मुख्याध्यापकांनी मान्यता दिली. नंतर मी त्या छापखान्याच्या मालकांस व आणखी दोन शाळांस तशीच पत्रे लिहिली. एका शाळेने होकार दिला, दुसरीचे उत्तर अद्याप नाही. छापखान्याचे मालक प्रथम चिडले, आणि आठ दिवसांनी दोन वर्षांचे एकदम देऊन गेले.

त्या मुलाला बिल कसे लिहितात हेच माहीत नव्हते. त्याने पाचशे रुपये असा आकडा घातला होता. मी त्याच्यासमोर वही घेऊन भाड्याचे, नावनोंदणीचे व तासांचे गणित मांडले आणि तो आकडा खोडावयास लावला. आता रविवारी व रात्री अकरानंतर पत्रांना उत्तरे दिली जाणार नाहीत, अशी ओळही त्याने आपल्या पानावर घातली आहे. आठवी-नववीतील चार मुली शनिवारी जुन्या-नव्या मजकुराची ताडणी करून चुका लिहून देतात. ते काम त्यांनी आपण होऊन मागितले.

जानेवारीत त्या बाई पुन्हा आल्या. हातात शाळेने दिलेल्या धनादेशाची पावती होती. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारले, "सर, हे दरसाल येणार का?"

मी म्हणालो, "तो दरसाल बिल देईल, तर येईल."

"मग ते मी त्याच्याकडून लिहून घेते," असे म्हणून त्यांनी पावती घडी घालून पिशवीत ठेवली.